मारुतीअण्णांच्या बावीस गाठी

मारुतीअण्णांशी माझी पहिली भेट झाली तेव्हा ते माझ्या पायाशी बसले होते.

जयनगरच्या या इमारतीत आम्हाला येऊन तीनच दिवस झाले होते. सकाळी सव्वासहाला मी फिरायला निघाले. दुसऱ्या मजल्यावर लिफ्ट थांबली आणि पांढरा शर्ट, पांढरी लुंगी असे एक किडकिडीत गृहस्थ आत आले. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही, बुटांकडे पाहिलं. "स्वल्प थांबा अक्का," म्हणत ते खाली बसले. मी ओरडायचं की नाही हे ठरवेपर्यंत त्यांनी माझ्या डाव्या बुटाची लेस सोडून पुन्हा बांधली होती. मग उजव्या बुटाची. तळमजला आला, तसे गुडघ्यावर हात देत उठले आणि म्हणाले, "तुम्ही बांधली होती ती गाठ नव्हे. ती अफवा होती."

मी तेव्हा छत्तीस वर्षांची, दोन मुलांची आई, एका कचेरीचा सगळा व्यवहार सांभाळणारी बाई. लेस बांधता येत नाही असं मला आजवर कोणी म्हटलं नव्हतं. पण ती लेस रात्री मी स्वतः सोडेपर्यंत जागची हलली नाही. ते मी वहीत लिहून ठेवलं. मी सगळंच वहीत लिहून ठेवते. किराणा, औषधं, पाहुणे, गॅस कधी बदलला, कोणत्या मावशीला कोणती साडी दिली, सगळं. या सवयीमुळेच पुढे अण्णांचं आणि माझं जमलं.

अण्णांचं घराणं बेंगळूरचं मराठी. कितवी पिढी ते त्यांनाही नक्की सांगता येत नाही. "कोणी पूर्वज सुई घेऊन आले, आजोबांनी दोरा घेतला," एवढाच त्यांचा इतिहास. जुन्या पेठेत त्यांचं नाडी-दोऱ्याचं दुकान होतं. परकराच्या नाड्या, रेशमाचे गोफ, पडद्यांचे गोंडे, ढोलकीची दोरी. पन्नास वर्षं त्यांनी ते चालवलं, मग गुडघ्यांनी जिना नाकारला आणि दुकान बंद केलं. उरलेला माल त्यांच्या फ्लॅटमध्ये आहे. दिवाणखान्यात सोफा नाही, दोऱ्याची रिळं आहेत. बसायचं तर रिळांवर.

इमारतीतले लोक त्यांना गंटू अण्णा म्हणतात. गंटू म्हणजे कन्नडमध्ये गाठ. अण्णांना हे नाव माहीत आहे आणि त्यांना ते पदवीसारखं वाटतं.

जगातली प्रत्येक गाठ ही त्यांची वैयक्तिक जबाबदारी असते. गच्चीवरच्या वाळत घालायच्या दोऱ्या, कन्नड राज्योत्सवाचा फलक, गणपतीच्या मांडवाचे बांबू. कोणी बांधून गेलं की मागून अण्णा जातात, हळहळतात, सोडतात आणि पुन्हा बांधतात. रबरबँड हा त्यांच्या मते आळशी माणसाची गाठ. चिकटपट्टीचं तर ते नावही घेत नाहीत. एकदा आमच्याकडे आलेल्या पार्सलवर सगळीकडून चिकटपट्टी बघून त्यांनी मान फिरवली होती.

पण आदर करावा तिथे करतात. बाजारात कोपऱ्यावर एक म्हाताऱ्या अक्का मोगऱ्याची माळ बांधत बसतात. अण्णा त्यांच्यासमोर दहा-दहा मिनिटं उभे राहतात. "बघा अक्का, चष्मा नाही, नजर रस्त्यावर, तोंडानं सुनेची निंदा चाललेली, आणि एक कळी हलत नाही. ही खरी गाठ."

माझ्या नवऱ्यानं एकदा चेष्टेनं विचारलं, "अण्णा, मग लग्नाची गाठ कशी काय राहिली?"

"त्याला दुसरं टोक लागतं, साहेब," अण्णा म्हणाले आणि आमच्या फुलझाडाची दोरी सोडायला घेतली.

असं सगळं सुरळीत चाललं असताना, अकरा वर्षांनी, म्हणजे गेल्या आषाढात, रोहितनं पतंग आणला.

रोहित आणि तन्वी हे आमच्या वरच्या मजल्यावरचं पुण्याचं जोडपं. दोघंही आयटीत, दोघंही सदा घाईत. अण्णांनी त्यांच्या लॅपटॉपच्या वायरी, सायकलचं कुलूप आणि तन्वीच्या कुर्त्याच्या मागच्या नाड्या, सगळं दुरुस्त केलेलं होतं. त्या बदल्यात दर रविवारी तन्वी त्यांच्याकडे खाली कॉफीला जायची आणि रिळांवर बसून ऑफिसमधल्या भांडणांच्या गोष्टी सांगायची. अण्णांना त्यातलं निम्मं कळत नसे. ते म्हणायचे, "त्या मॅनेजरचं टोक कुठाय ते सांग आधी, मग गुंता सोडवू."

बेंगळुरात पतंग आषाढात उडतात. वारा असा असतो की गच्चीवरच्या चादरी शेजाऱ्यांच्या मालकीच्या होतात. पण रोहितचा पतंग त्या जातीतला नव्हता. त्याला काडी नाही, कागद नाही. कापडाच्या लांब पिशव्या एकमेकींना शिवलेल्या. वारा भरला की गादीसारखा फुगतो आणि माणसाला ओढत नेतो. चार दोर, दोन मुठी. वरचे दोन दोर ओढण्याचे, खालचे दोन वेसणीचे. कोणाकडून तरी जुना घेतलेला होता, त्यामुळे दोर नव्हते. रोहितनं नवीन दोराचं एक रीळ मागवलं आणि कापून चार तुकडे केले.

"अण्णा, ॲक्च्युअली नॉट्सचे व्हिडिओ आहेत," तो म्हणाला, "पण म्हटलं तुम्ही असताना व्हिडिओ कशाला?"

अण्णांचा चेहरा मुंजीतल्या बटूसारखा उजळला. चार दोर, दोन-दोन टोकं, आठ गाठी. त्यांनी आठही ठिकाणी 'दुकानाची गाठ' मारली. ही त्यांच्या आजोबांची गाठ. तिनं मांडव धरले होते, झोपाळे धरले होते. "डोळे मिटून उडवा," अण्णा म्हणाले. "ही गाठ आजवर सुटलेली नाही."

शाळेच्या मैदानावर आम्ही सगळे गेलो. पतंग फुगला, भप्प असा आवाज करून वर गेला, तन्वी "आईशप्पथ!" म्हणून किंचाळली, आणि सातव्या-आठव्या सेकंदाला वेसणीचा एक दोर सुटला. तुटला नाही, सुटला. पतंग भोवऱ्यासारखा गरगरला आणि कडेच्या नारळाच्या झाडावर जाऊन बसला. कोणाला काही लागलं नाही. दोघा माणसांनी शिडी लावून तो काढला.

अण्णा मात्र सुटलेलं टोक हातात धरून उभे होते. दोर पांढरा, रेशमापेक्षा गुळगुळीत, चरबी लावल्यासारखा. त्यांनी आयुष्यभर सूत आणि रेशीम हाताळलं होतं. सुताला खरबरीतपणा असतो, ते गाठीत स्वतःलाच धरून बसतं. या दोराला धरायलाच येत नव्हतं. हे अण्णांना बोटांनी कळायला हवं होतं. त्यांनी विचारलंच नव्हतं बोटांना. आजोबांच्या भरवशावर राहिले होते.

"अफवा," ते एवढंच म्हणाले. स्वतःच्या गाठीला.

त्यानंतर चार दिवस माझ्या लेसला कोणी हात लावला नाही. अण्णा लिफ्टमध्ये यायचे, समोरच्या आकड्यांकडे बघायचे, "सरी, बरं अक्का, येतो" म्हणून उतरायचे. पाचव्या दिवशी मी गच्चीवर गेले तर नवीन भाडेकरूनं वाळत घालायची दोरी चक्क खिळ्याला गुंडाळून ठेवली होती, आणि ती तशीच होती. तेव्हा मला काळजी वाटली. त्याच आठवड्यात रोहितची पुण्याला बदली झाल्याचं कळलं. आषाढातला शेवटचा रविवार तेवढा हातात होता, त्याच्या पुढच्या बुधवारी त्यांचा ट्रक येणार होता.

त्या संध्याकाळी अण्णा माझ्या दारात उभे. हातात त्या पांढऱ्या दोराचं उरलेलं रीळ.

"अक्का, तुमची वही घ्या."

"कशाला?"

"ती मुलं जायच्या आधी हा पतंग माझ्या गाठीवर उडला पाहिजे. नाहीतर ती पुण्याला जाऊन सांगतील, बेंगळुरात एक म्हातारा होता, त्याची गाठ सुटली." मग आवाज खाली करून म्हणाले, "सांगणार नाहीत ती. चांगली आहेत. पण मला ठाऊक असेल ना."

मी वही उघडली. रकाने आखले: क्रमांक, गाठ, वजन, सुटली की तुटली, शेरा.

पहिल्या चाचण्या त्यांनी त्यांच्या बाल्कनीच्या गजाला केल्या. दोराला वीस लिटरचं पाण्याचं कॅन टांगलं. तिसऱ्या गाठीला कॅन पहिल्या मजल्यावरच्या पद्मा आंटींच्या तुळशीत जाऊन बसलं. सोसायटीची सेक्रेटरी मीच, त्यामुळे तक्रार माझ्याकडेच आली. मी नवीन कुंडी आणून दिली, प्रयोगशाळा खाली गाड्यांच्या जागेत हलवली, वजन जमिनीपासून एक वीत उंच, खाली जुनी गादी, असा नियम केला आणि पुढच्या कामाला लागले.

सहा गाठी सरळ निसटल्या. सहाव्यानंतर अण्णा घरात गेले आणि पोकळ गोफाचा एक तुकडा घेऊन आले. बारीक तार दुमडून तिच्या मदतीनं त्यांनी दोराच्या टोकावर तो गोफ बाहीसारखा चढवला. "उघड्या अंगाला कसं धरणार? सदरा घालू द्या त्याला." बाहीवर मारलेली गाठ पहिल्यांदाच तांदळाच्या गोणीला पुरून उरली. अण्णांनी लुंगी गुडघ्यापर्यंत वर खोचली. माणूस परत आला होता.

गाठींना नावं हवीत म्हणून मी हटून बसले. नुसते क्रमांक लक्षात राहत नाहीत. अण्णांनी नातेवाइकांची नावं द्यायला सुरुवात केली.

"ही भीमामामा. दिसायला भक्कम. ओझं आलं की कधी निघून गेले कळत नाही."

"ही शंकरकाका. आवाज फार करते, मग तुटते."

"ही आमची धाकटी मामी. स्वतः नीट राहते, शेजारचा दोर कापते." हे मी शेऱ्यात तसंच लिहिलं, कारण ते खरं होतं. दोर गाठीच्या अगदी लगत तुटला होता.

तांदळाची गोणी कमी पडायला लागली तेव्हा आमचे वॉचमन सिद्दप्पा पुढे आले. ते गोणीच्या तिप्पट आहेत. एकाच दोराच्या टोकाला फळी बांधून आम्ही त्यांना झोपाळ्यासारखं बसवलं. ते तिथूनच गेटकडे लक्ष ठेवायचे. येणारी-जाणारी मंडळी थांबून विचारायची, "सिद्दप्पा, काय चाललंय?" ते गंभीरपणे सांगायचे, "ड्युटी."

चौदावी गाठ कमळाआत्या. तिनं सिद्दप्पांना धरलं, सिद्दप्पांच्या मांडीवर गोणी ठेवली तरी धरलं. अण्णा टाळ्या वाजवत होते. मी वहीत चौदाला तारा काढला. सगळ्यांत मजबूत. माझ्या दृष्टीनं विषय संपला होता. पण अण्णा थांबेनात. कमळाआत्येजवळ बसून नखांनी टोकरत राहिले, मग दातांनी, मग सुईनं. अर्ध्या तासानं कात्री आणून कापली. पुढच्या आठ गाठी केल्या आणि मग म्हणाले, "नऊ."

"नऊ? अहो, नऊला गोणी ठेवल्यावर दोर तुटला होता."

"नुसते सिद्दप्पा तर धरले? एका दोराला एक सिद्दप्पा. चार दोरांना चार सिद्दप्पा. तन्वी किती?"

"अर्धी सिद्दप्पा," मी हिशेब केला.

"मग झालं तर."

नववी गाठ साधी आहे. दोराच्या टोकाला बाहीचा मोठा फेरा करायचा, तो स्वतःतूनच ओवून फासा करायचा, आणि पतंगाच्या आखूड दोरीवर एक बोंड, म्हणजे जाड गोल गाठ, बांधून त्याच्यामागे तो फासा आवळायचा. ओढ आली की फासा बोंडाला घट्ट मिठी मारतो.

"नाव काय लिहू?" मी विचारलं.

अण्णांनी बोटांवर एकेक नातेवाईक मोजला. "आमच्या घराण्यात या जातीचं माणूस झालं नाही, अक्का. रिकामं ठेवा."

माझ्या वहीत रिकामा रकाना मला बघवत नाही. पण ठेवला.

शनिवारी आम्ही चारही दोर खालच्या दोन खांबांमध्ये ताणून मोजले. प्रत्येक गाठ थोडा दोर खाते आणि आठही गाठींची भूक सारखी नसते. अर्ध्या बोटाचा फरक राहिला तरी पतंग एकीकडे कलतो, असं रोहितनं सांगितलं होतं. अण्णांनी दोन गाठी सोडून पुन्हा बांधल्या. मग माझी यादी: चित्रान्न, चटणी, कॉफीचा थर्मास, टोप्या, चटई, पट्टी, कात्री. "कात्री खोडा," अण्णा म्हणाले. मी खोडली.

रविवारी आनेकलच्या पलीकडे, सिद्दप्पांच्या भावाचं नाचणीचं रान होतं तिथे गेलो. नांगरलेलं, पेरायचं बाकी. भोवती झाड नाही, तार नाही. वारा असा की चटईवर चार चपला ठेवाव्या लागल्या.

तन्वीनं मुठी धरल्या. रोहितनं पतंग उचलला. भप्प!

सगळे पतंगाकडे बघत होते. अण्णांनी खिशातून एक जुनी, नाटकाला न्यायची छोटी दुर्बीण काढली आणि ते गाठी बघायला लागले. पतंग डावीकडे गेला, उजवीकडे गेला, तन्वी टाचा रोवून मागे झुकली तरी हात-हातभर घसरत होती आणि ओरडत होती, "अण्णा, बघताय ना? अण्णा!"

"बघतोय. तिसरी थोडी हसतेय. नाही, बसली."

मग एक झोत आला. पतंग खाली सूर मारून जमिनीलगत वळला, चारही दोर वीणेसारखे वाजले आणि तन्वी पाच-सहा पावलं पळत पुढे ओढली गेली. नारळाच्या झाडाची आठवण आम्हा सगळ्यांना एकदमच झाली असणार. अण्णांनी दुर्बीण खाली घेतली. डोळे मिटले.

पतंग वर आला. डोक्यावर येऊन शांत उभा राहिला.

"अण्णा, सुटली नाही!" तन्वी ओरडली. "एकही नाही!"

अण्णांनी डोळे उघडले, आठ बोटं उघडून मोजली, आणि मला म्हणाले, "लिहा."

नंतर त्यांनाही मुठी दिल्या. रोहितनं मागून कमरेला धरलं, सिद्दप्पांनी रोहितला धरलं, आणि तरीही तिघं मिळून एखादा गाडीवानाशिवायचा गाडा चालावा तसे रानभर फिरले. अण्णा लहान मुलासारखे खिदळत होते. लुंगीची गाठ मात्र ढळली नाही. तेही मी लिहिलं.

उन्हं उतरल्यावर पतंग उतरवला. आता दोर सोडायचे होते. तन्वी फासा नखांनी उकलायला लागली.

"नखं नको. ते बोंडाचं शेपूट ओढ. हलकं."

तिनं ओढलं. इतकी ओढ खाल्लेला तो फासा सैल होऊन तिच्या तळहातावर पडला. तिनं दुसरा सोडला, तिसरा, चौथा. "अण्णा, हे किती सोप्पंय!"

"म्हणून तर," अण्णा म्हणाले. मग माझ्याकडे वळून, जरा खाजगीत, "कमळाआत्या जास्त मजबूत होती, माहीत आहे मला. पण ती कापावी लागते. पुण्याला कोण आहे यांना कापून पुन्हा बांधून द्यायला? दर वेळी बेंगळुराला थोडीच येणार?" आणि चित्रान्नाचा डबा बांधायला बसले.

बुधवारी ट्रक आला. सामान बांधणारी माणसं चिकटपट्टी घेऊन आली होती. अण्णांनी त्यांना कॉफी पाजून बाजूला बसवलं आणि एकोणतीस खोकी स्वतः सुतळीनं बांधली. प्रत्येक गाठीला एक टोक लांब सोडलेलं, त्याला चिठ्ठी: 'हे ओढा.' तन्वीनं ट्रकमागून निघताना त्यांना मिठी मारली. तिच्या कुर्त्याच्या मागच्या नाड्या सुटायला आल्या होत्या. मला दिसल्या, म्हणजे त्यांना दिसल्याच असणार. त्यांनी हात उचलला, मग नुसताच तिच्या डोक्यावर ठेवला.

त्या रविवारी मी काही तरी विचारायला दुसऱ्या मजल्यावर गेले. दार उघडं होतं. अण्णा एका रिळावर बसले होते आणि समोरच्या रिळावर कॉफीचा दुसरा पेला होता, भरलेला. "सवयीनं दोन झाले," ते म्हणाले. "घ्या अक्का, गार व्हायच्या आत." मी बसले. रोहितच्या दोराचा एक तुकडा बाल्कनीच्या गजाला अजून लोंबत होता, टोकाला काही न बांधलेला. ऑफिसमधल्या भांडणांच्या गोष्टी माझ्याकडेही पुष्कळ आहेत, असं माझ्या लक्षात आलं.

अकरा वर्षांत मी लेस बांधायला उत्तम शिकले आहे. दोन फेरे, टोकं सारखी, गाठ आडवी बसलेली. माझ्या हातून ती आता झोपेतही चुकत नाही. म्हणून सकाळी सहा वाजता मी बूट घालते, नीट बांधते, आणि मग डाव्या पायाची सोडून मुद्दाम वेडीवाकडी बांधते. रोजच्या कामांच्या यादीत दूध आणि वर्तमानपत्र यांच्यामध्ये त्यासाठी एक ओळ आहे.

दुसऱ्या मजल्यावर लिफ्ट थांबते. पांढरा शर्ट आत येतो, खाली बघतो.

"अय्यो अक्का. परत अफवा."

"काय करू अण्णा, जमतच नाही."

"स्वल्प थांबा," म्हणत ते खाली बसतात. हल्ली ती लेस बांधायला त्यांना पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो. लिफ्ट तळमजल्याला पोचते, दार उघडतं, पुन्हा मिटतं. मी बटणाला हात लावत नाही.